रुमाल टाकलेली अक्षरं

मंडळी, आधीच कबूल करून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. एकोणसाठ म्हणजे फिफ्टी नाइन की सिक्स्टी नाइन, हे मला आजही बोटं मोजल्याशिवाय सांगता येत नाही. भाजीवाल्या मावशी 'अडुसष्ट झाले' म्हणाल्या की मी शंभराची नोट पुढं करते आणि जे परत येईल ते देवाचा प्रसाद समजून खिशात टाकते. अशा मुलीकडं मराठी विभागाच्या संपादिकाबाई (म्हणजे माझी रूममेट) लेख मागायला आल्या, याचा अर्थ एकच. त्यांची पानं भरत नव्हती.

"टेक्नॉलॉजीच्या बातम्यांवर काहीतरी खुसखुशीत दे. ए.आय. वगैरे."

"अगं, मग इंग्लिश सेक्शनला देते ना."

"तिथं ए.आय.वर ऑलरेडी नऊ लेख आलेत. नऊही सारखेच आहेत."

कसे सारखे झाले असतील ते आपण सगळे जाणतोच. असो!

टेक्नॉलॉजीच्या बातम्या मी रोज वाचते, मेसच्या रांगेत उभी असताना. त्यावरून माझं असं मत झालंय की या बातम्या लग्नपत्रिकेसारख्या असतात. अमुक येणार, तमुक तारखेला येणार, आपली उपस्थिती प्रार्थनीय. पुढं संसार कसा झाला ते कुणी छापत नाही. आणि गेल्याची बातमी तर कोपऱ्यात चार ओळींत. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला गेलं, स्काइप ५ मे २०२५ ला. ज्या जपानचे रोबोट आपण तोंडात बोट घालून बघतो, त्या जपानच्या सरकारनं 'अर्ज फ्लॉपीवरच द्यावा' असे आपले नियम रद्द केले ते २०२४ साली! आमच्या बॅचमध्ये फ्लॉपी बघितलेलं कुणी नाही. आम्हाला ती फक्त 'सेव्ह'च्या बटणावरचं चित्र म्हणून माहीत.

दुसरं मत. मोठी मशीन छोट्या गोष्टीनं आडवी होतात. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक बिघडलेली अपडेट गेली आणि जगातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडले. (आपल्याकडं साप चावला की माणूस निळा पडतो. इथं सापाचं औषधच चावलं.) त्या दिवशी आपल्या विमानतळांवर लोकांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. बॉलपेन, निळी शाई. बॉलपेनला अपडेट लागत नाही.

आणि माझी सगळ्यात आवडती बातमी फेब्रुवारी २०१८ ची. तेलुगूतलं एक जोडाक्षर, आपल्या 'ज्ञा'चा सख्खा भाऊ, मेसेजमधून आलं की आयफोनवरचं ॲप कोसळायचं. ते अक्षर काढायचं कसं हे फोनला कळेना. तेलुगूत 'ज्ञान' लिहायचं तर हेच अक्षर लागतं. एवढी मोठी कंपनी, आणि ज्ञानापाशी अडकली! मग घाईघाईनं अपडेट काढून तिनं ते निस्तरलं.

अक्षरांवरून आठवलं असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. गेले चार महिने माझ्या डोक्यात अक्षरांशिवाय दुसरं काही नाही. तर ए.आय. वगैरे राहू दे. (येईल पुढं. तो कुठं जातोय?)

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणतो, एसटीत वाहतूक नियंत्रक होते. वाहतूक नियंत्रक म्हणजे स्टँडवरच्या त्या जाळीच्या खिडकीमागं बसून 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं' म्हणणारे. आबा आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत (हा आकडा मी आत्याला विचारून लिहिलाय), पण अजूनही घरात कुणाला हाक मारायची तर आधी घसा खाकरतात आणि क्षणभर थांबतात, जणू माइक चालू होतोय. रिटायर झाल्यावर त्यांनी तीन वह्या भरून आठवणी लिहिल्या. २००४ साली सांगलीत एका डीटीपीवाल्याकडून त्या टाइप करून घेतल्या, एकसष्ट पानं. छापायचं मात्र राहून गेलं. का राहिलं असं विचारलं की 'पैशाचं जमलं नाही' म्हणायचे. डीटीपीवाल्यानं एक सीडी दिली, ती आबांनी रेक्झिनच्या पाकिटात घालून माळ्यावरच्या ट्रंकेत ठेवली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या खालच्या खोलीत छातीपर्यंत आलं. वह्या खालच्या कपाटात होत्या. आठ दिवसांनी कपाट उघडलं तेव्हा तिन्ही वह्यांचा मिळून एक निळसर लगदा झाला होता. बॉलपेनचं मी वर एवढं कौतुक केलं खरं, पण पुराला तेही पुरं पडत नाही. माळ्यावरची सीडी तेवढी वाचली. त्यानंतर आबांची नजर अधू झाली. आता त्यांना माणसं कडेनं दिसतात, अक्षरं दिसत नाहीत. या मे महिन्यात त्यांनी सीडी माझ्या हातात ठेवली. "तू कॉम्प्युटरची ना? यातलं वाचून दाखव मला."

मला वाटलं, दहा मिनिटांचं काम!

पहिली दहा मिनिटं माझ्या लॅपटॉपला सीडीची फटच नाही हे समजण्यात गेली. हॉस्टेलच्या तीन मजल्यांवर विचारून आले, कुणाकडंच ड्राइव्ह नव्हता. एक ज्युनिअर म्हणाली, "ताई, आमच्या शेतात सीड्या आहेत, पाखरं हाकलायला बांधल्यात." शेवटी लॅब असिस्टंट काकांनी कोपऱ्यातला एक जुना पीसी उघडून दिला. त्याचा ट्रे बाहेर येईना, तेव्हा त्यांनी यू-पिन सरळ केली, ड्राइव्हच्या त्या बारीक भोकात खुपसली आणि ट्रे हातानं ओढून काढला. चार वर्षांच्या अभ्यासक्रमात ही विद्या कुठंच नाही. काका, थँक्यू.

सीडीवर पेजमेकरची एक फाइल होती आणि सुदैवानं वर्डचीही एक. ती उघडली आणि स्क्रीनभर कचरा पसरला. रोमन अक्षरं, मधे टक्के, कंस, फ्रेंच लोक वापरतात तसली टोपीवाली अक्षरं, पौंडाची खूण. एकसष्ट पानं नुसता कचरा. मला वाटलं सीडी खराब झाली. काकांनी चष्मा वर केला, बघितलं आणि म्हणाले, "सीडी चांगली आहे. फाँट नाही."

आता जरा टेक्निकल सांगते. सिव्हिलवाल्यांनीही वाचावं, कारण उदाहरण एसटीचं आहे. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, नंबर कळतो. रोमन 'के' म्हणजे सीट नंबर ७५. जुन्या पद्धतीत सीट मिळून २५६, आणि त्यावरची रिझर्वेशन सगळी परदेशी पाहुण्यांची. आपल्या देवनागरीला गाडीत जागाच नव्हती. मग आपल्या लोकांनी काय केलं? तेच, जे आपण जत्रेच्या दिवशी स्टँडवर करतो. खिडकीतून रुमाल टाकला! ७५ नंबरच्या सीटवर 'के'च्या जागी आपलं एखादं अक्षर बसवलं. फाइलमध्ये नंबर ७५ च राहतो, फाँट फक्त त्यावर मराठी चित्र काढतो. पडद्यावर झकास मराठी दिसतं, कागदावर झकास छापून येतं. लग्नपत्रिका, कार्यअहवाल, दिवाळी अंक, सगळं असंच निघालं.

घोळ असा की प्रत्येक कंपनीनं रुमाल वेगळ्या सीटवर टाकला. एकीच्या ७५ वर 'क', तर दुसरीच्या ७५ वर भलतंच काही. त्यामुळं जोवर तोच फाँट तुमच्या मशीनवर आहे तोवर मराठी. फाँट गेला की रुमाल उडाला आणि खालचे मूळ पाहुणे उघडे पडले.

बरं, नियम नव्हते असंही नाही. भारतीय मानक ब्यूरोची 'इस्की' ही प्रमाण पद्धत १९९१ सालची. युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच, आणि तिच्यातला देवनागरीचा तक्ता इस्कीच्याच वळणाचा. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराचं स्वतःचं पक्कं रिझर्वेशन. 'क' म्हणजे २३२५, 'म' म्हणजे २३५०, कुठल्याही मशीनवर, कुठल्याही फाँटमध्ये. पण नियम कागदावर आला म्हणून स्टँडवर रांग लागते का? डीटीपीवाल्यांचा लाडका पेजमेकर, आणि त्याला युनिकोडची देवनागरी झेपत नव्हती. त्यामुळं २००४ मध्येही सांगलीतला ऑपरेटर रुमालच टाकत होता. त्यात त्याची चूक नाही. गाडी भरलेली होती, त्यानं जागा मिळवून दिली.

आमच्या युनिकोडमध्येही सगळं पहिल्या दिवसापासून आलबेल नव्हतं म्हणा. 'ॲ' हे आपलं मराठी अक्षर स्वतंत्र सीट मिळवून आत आलं ते २००८ साली. तोवर 'अ'च्या डोक्यावर चंद्र चिकटवून काम भागवायचे. आजही दोन्ही पद्धतीचे 'ॲ' दिसायला जुळे, पण एक शोधला तर दुसरा सापडत नाही. आणि ऱ्या! त्याला वेगळा 'ऱ' लागतो, हे माहीत नसलेल्या कुणीतरी आमच्या मेसमध्ये गेल्या वर्षी नोटीस लावली होती, 'जेवणाच्या वेळी आचार्यांशी हुज्जत घालू नये.' स्टाफमधले एक सर ती वाचून म्हणाले, "जेवणाच्या वेळीच का? लेक्चरलाही घालू नका." मला जोक कळला नाही. तो रूममेटनं समजावून सांगितला, आणि मग मी चार दिवसांनी हसले.

तर आबांची फाइल. डीटीपीचं दुकान बंद झालेलं, तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात. फाँटचं पॅकेज डोंगलवर चालणारं, म्हणजे कॉम्प्युटरच्या मागं कुलूप लावल्याशिवाय उघडत नसे, आणि ते कुलूप दुकानाबरोबर कुठं गेलं कोण जाणे. एका सीनियरकडं त्याच जातकुळीतला एक फाँट निघाला. तो लावला आणि कचऱ्यातून एकदम 'फलाट' हा शब्द डोकं वर काढून बाहेर आला. खरं सांगते, मंडळी, मी लॅबमध्ये ओरडले.

दिसायला लागलं, पण ते रुमालच होते. पक्कं रिझर्वेशन करायचं तर प्रत्येक नंबरापुढं खरं अक्षर लिहून बदलायला हवं. मी पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिला. तक्ता १९० नोंदींचा झाला. पहिल्यांदा चालवला तेव्हा मराठी आलं, पण पिऊन आलेलं. 'सर्व'चं 'सव्र', 'वर्ष'चं 'वष्र', 'मार्ग'चं 'माग्र'. रफार एक घर चुकून खाली पडत होता. ऱ्हस्व इकाराचं आणखी वेगळंच. जुन्या फाइलमध्ये तो दिसतो तसा अक्षराच्या आधी बसलेला, युनिकोडमध्ये तो उच्चाराप्रमाणं अक्षराच्या मागं हवा. मी त्याला एक घर मागं सरकवलं, तर 'स्थिती'चं 'स्िथती' झालं. त्याला अख्खं जोडाक्षर ओलांडून न्यावं लागतं. हे सगळं अस्सल मराठी माणसाला नजरेनं कळलं असतं. मला प्रत्येक वेळी विचार करावा लागत होता, की 'माग्र' असा एखादा शब्द खरंच असेल का? मराठीत काय सांगता येतं? असेलही!

म्हणून मी रोज रात्री साडेआठला, मेस झाल्यावर, आबांना फोन लावायची आणि तयार झालेली पानं वाचून दाखवायची. आबा चुका काढायचे. आधी मशीनच्या, मग माझ्या. 'एकोणतीस' मी थर्टी नाइन वाचलं तर म्हणाले, "अगं दहा माणसं वाढवलीस, गाडी ओव्हरलोड झाली." 'टप' म्हणजे एसटीचं छप्पर हे मला माहीत नव्हतं. 'जबाब' म्हणजे हिंदीतला जवाब समजून मी पुढं गेले होते. आबा वैतागत नव्हते, उलट त्यांना मजा येत असावी. कधी कधी मी पुढचं वाक्य वाचायच्या आधीच ते म्हणून टाकायचे, वेळापत्रक पाठ असल्यासारखं.

सदतिसाव्या पानावर गाडी बंद पडली.

तिथून पुढं दीड पान ऑपरेटरनं वेगळाच फाँट वापरला होता. का, ते त्यालाच ठाऊक. चहा पिऊन आल्यावर चुकून दुसरा निवडला गेला असेल. सीनियरचा फाँट तिथं चालेना, माझा तक्ता तिथं चालेना. मजकूर सुरू होत होता तो असा, 'सदर रात्री पाऊस मोठा होता व शेवटची गाडी' आणि पुढं कचरा. दीड पानानंतर पुन्हा नीट मराठी, तिथं दुसरीच आठवण सुरू.

इथं ए.आय. येतो. (म्हटलं होतं ना.) सबमिशन डोक्यावर होती, मी आळस केला. आधीची दोन पानं आणि तो दीड पान कचरा एका चॅटबॉटला दिला आणि म्हटलं, यातलं मराठी काढून दे. त्यानं अर्ध्या मिनिटात दिलं. आणि काय सुंदर दिलं! 'आकाशात ढगांनी थैमान घातले होते, परंतु माझ्या मनात प्रवाशांच्या सुरक्षिततेचा दिवा तेवत होता. मी ठामपणे गाडी रोखून धरली आणि सर्वांचे प्राण वाचले.' शुद्धलेखनाची एक चूक नाही. मला भरून आलं. मी ते पान तसंच उचललं आणि घरच्या ग्रुपवर टाकलं, 'आबांच्या आठवणी, पान ३७'. दहा मिनिटांत चौदा जणांचे हात जोडून झाले. दुबईच्या काकांनी 'सॅल्यूट' लिहिलं. बाबांनी स्टेटस ठेवलं.

आत्यानं ते आबांना वाचून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी साडेआठला फोन लावला तर आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग घसा खाकरून म्हणाले, "बाळ, ते पान मी लिहिलेलं नाही."

"मग काय लिहिलं होतं, आबा?"

"ते तू काढ की शोधून. इंजिनीअर होणार आहेस ना?"

फोन ठेवला त्यांनी. माझ्या आयुष्यात आबांनी आधी फोन ठेवला असं पहिल्यांदाच झालं.

त्या रात्री मी ग्रुपवरचा मेसेज डिलीट केला. (उपयोग शून्य. बाबांच्या स्टेटसवर तो होताच.) आणि कचरा पुन्हा उघडून बसले. एक गोष्ट मला तेव्हा कळली. कचरा निदान प्रामाणिक होता. त्यात प्रत्येक नंबर आबांच्या वहीतल्या कुठल्या ना कुठल्या अक्षरासाठी बसला होता, फक्त मला तो वाचता येत नव्हता. चॅटबॉटच्या पानात मला सगळं वाचता येत होतं आणि आबांचं एकही अक्षर नव्हतं. माझं म्हणणं तो मुद्दाम खोटं बोलला असं नाही. 'मला येत नाही' हे म्हणणं त्याला सुचलं नाही, आणि मलाही त्याला विचारावंसं वाटलं नाही, कारण उत्तर गोड होतं. व्हायवाला आपण तरी वेगळं काय करतो?

मग चार रात्री जुन्या पद्धतीनं बसले, वही-पेन्सिल घेऊन. कुठली खूण किती वेळा येते ते मोजलं. कान्याची उभी रेघ सगळ्यात जास्त, ती लगेच सापडली. वाक्याच्या शेवटी सारखे येणारे गठ्ठे म्हणजे 'होते', 'होती'. 'गाडी' आणि 'ड्रायव्हर' येणारच, ते शोधून त्यांची अक्षरं लावली. तिसऱ्या रात्री 'फरशीवर पाणी' एवढं निघालं आणि मी अडले. स्टँडच्या ऑफिसात फरशी ओली झाली, तर त्यात लिहिण्यासारखं काय? रूममेटला उठवलं. ती कोकरूडकडची. झोपेतच म्हणाली, "अगं येडे, फरशी म्हणजे ओढ्यावरचा बुटका पूल. पावसात पाण्याखाली जातो तो." आणि परत झोपली.

त्यानंतर पुढचं सगळं भराभर उलगडलं. नको इतकं भराभर. आबांची भाषा रजिस्टरात नोंद करतात तशी आहे. ती मी इथं जशीच्या तशी देत नाही, आशय सांगते. गोष्ट ऐंशीच्या दशकातली. रात्रीची शेवटची मुक्कामी गाडी. बाजारचा दिवस, स्टँडवर गर्दी, लोक खिडकीवर येऊन ओरडत होते. ड्रायव्हर आबांना म्हणाला, फरशीवर पाणी असेल, सकाळी जातो. आबा म्हणाले, संध्याकाळची गाडी आली ना त्याच वाटेनं? मग तू कशाला घाबरतोस? जा. गाडी गेली आणि फरशीवर मधोमध बंद पडली. एकोणतीस प्रवासी रात्रभर टपावर बसले. पहाटे गावकऱ्यांनी दोर टाकून एकेकाला काढलं. जीव कुणाचा गेला नाही. चौकशी झाली. ड्रायव्हरनं सांगितलं, मला जायला लावलं. आबांनी जबाबात ते सांगितलं नाही. गाडी वेळेवर सुटली, एवढीच नोंद दाखवली. ड्रायव्हरच्या वेतनवाढी थांबल्या. तो पुढं सहा वर्षं त्याच डेपोत होता. रोज आबांच्या खिडकीवर कार्ड घ्यायला यायचा आणि 'नमस्कार साहेब' म्हणायचा. शेवटची ओळ ही होती, की तो नमस्कार म्हणायचा.

आमच्या घरात ती रात्र सगळ्यांना माहीत आहे. आबांनी रातोरात जीप मिळवून गावकऱ्यांना उठवलं, दोर नेला, ही गोष्ट बाबा अजून सांगतात. आणि ती खरीच आहे. ती सदतिसाव्या पानावर नाही एवढंच.

साडेआठला फोन लावला. मी वाचायला सुरुवात केली. या वेळी आबांनी पुढची वाक्यं म्हटली नाहीत, चुकाही काढल्या नाहीत. मी संपवलं आणि विचारलं, "बरोबर आहे का, आबा?"

"बरोबर वाचलंस."

मराठीत मला आजवर मिळालेले हे पहिले पैकीच्या पैकी मार्क. मला ते नको होते.

मग मी वेड्यासारखं बोलले. म्हटलं, आबा, हे दीड पान तसंही कुणाला वाचता येत नाही, फाँट गेला म्हणून सांगू, राहू दे. आबा म्हणाले, "वीस वर्षं मीही तेच म्हणालो. पैशाचं जमलं नाही, पैशाचं जमलं नाही." आणि जरा वेळानं, "टाइप करणाऱ्या त्या पोरानं वाचलं होतं ते. माझ्याकडं बघून काही बोलला नाही. त्यानंतर मला छापायला नेववेना."

बाबांना त्यांनी दिवाळीत स्वतःच सांगितलं. बाबा काही बोलले नाहीत, उठून बाहेर गेले आणि पाऊस नसताना स्कूटरवर कव्हर घालत बसले. स्टेटस तर कधीच गेलं होतं, चोवीस तासांत जातंच. पण रात्री जेवताना बाबांनी आबांच्या ताटात भाकरी मोडून दिली, रोज देतात तशी. मॅगझिनमध्ये लिहू का, असं मी आबांना विचारलं. म्हणाले, "लिही. डेपोचं नाव नको. त्याचंही नको. माझं घातलंस तरी चालेल." मी घातलं नाही.

आता एकसष्ट पानं युनिकोडमध्ये आहेत. तीन ठिकाणी ठेवलीत, त्यातलं एक ठिकाण माळा. अकरा शब्द अजून लागलेले नाहीत, तिथं मी चौकोनी कंस टाकून मोकळी जागा सोडलीय. चॅटबॉटला विचारलेलं नाही. कॉलेजच्या गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडं प्रिंट काढायला नेलं तर त्याच्या मशीनवर निम्मे इकार ठिपक्यांच्या गोलावर बसलेले दिसले. त्यानं शांतपणे सांगितलं, "मॅडम, मराठी असंच येतं." मग पीडीएफ करून नेली. स्पायरल बाइंडिंग करून दोन प्रती काढल्या. एक घरी. दुसरी ड्रायव्हरच्या मुलाला, कारण ते स्वतः गेले. मुलगा गावाकडंच असतो, आबांनी कुणाकुणाला विचारून पत्ता मिळवला.

पाकिटावर पत्ता हातानंच लिहावा लागला. माझं मराठी अक्षर दुसरीतल्या पोरासारखं, ओळ वर वर चढत जाते. आबा फोनवर सांगत होते, मी लिहीत होते. मुक्काम, पोस्ट, तालुका. पिनकोड आला तेव्हा त्यांनी घसा खाकरला, थांबले आणि म्हणाले, "हे एकेक आकडा सांगतो. नाहीतर तू माणसं वाढवशील. लिही. चार. एक. पाच."